मारोतरावांचा पहिला दिवस

टाळ्या आम्ही वाजवल्या, हे आधीच सांगून टाकते. त्यातही मी सगळ्यात जोरात वाजवल्या. आता आर्णीत कोणालाही विचारा, प्रत्येक जण सांगेल की मला तेव्हाच संशय आला होता. खोटं बोलतात सगळे. संशय एकाच बाईला आला होता, आणि तिला मी माझ्या दुकानातून वाटेला लावलं.

ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या ते मारोतराव गावंडे. नुसतं नाव घेतलं तर गावात चार जण विचारतील, कोणते मारोतराव? ग्रेडर म्हटलं की लहान पोरही घर दाखवतं. कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. गाडी आली की हा माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, त्यातला चिमूटभर पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. धागा किती लांब आहे, कापूस किती ओला आहे, त्यात कवडी, म्हणजे किडका कापूस, किती मिसळली आहे, सगळं बोटांनी सांगायचा. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गप्पा मारताना त्यांची बोटं हवेतला कापूस ओढत असायची.

नोकरीतली एक गोष्ट ते आम्हाला नेहमी सांगायचे. दुसऱ्याच वर्षी एक कास्तकार गाडी घेऊन आला. हा कापसावर पाणी मारून आणतो, अशी त्याची बदनामी होती. मारोतरावांनी माल न पाहताच खालची प्रत सांगितली. तो माणूस भांडला नाही. त्यानं स्वतः एक पुंजका उचलून यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, मायाकडं नोका पाहू. याच्याकडं पाहा." धागा अव्वल होता.

"त्या दिवशी मले माया बोटाची लाज वाटली," मारोतराव म्हणायचे. "तवापासून गाडीवाल्याचं तोंड पाहणं सोडलं. गाडी आली की समजाचं, आपण जन्मात कापूस पाह्यला नाही."

योगातही त्यांचं हेच. बावीस वर्षं त्यांनी सकाळी साडेपाचचा वर्ग घेतला, एक पैसा न घेता. वर्ग भरायचा जिनिंग कारखान्याच्या सिमेंटच्या ओट्यावर. दिवाळीनंतर तिथे कापसाचे ढीग लागले की आम्ही आमच्या चटया उचलून शाळेच्या व्हरांड्यात जायचो आणि हंगाम संपला की परत यायचो. कोणी दहा वर्षांचा जुना असो, सुरुवात ताडासनानं. म्हणजे नुसतं उभं राहायचं. "उभं राहता येते का तुम्हाले?" ते रोज विचारायचे. "मले अजून नाही येत. पाहू आज जमते का." मोबाइल दुरुस्तीवाला बबलू व्हिडिओ पाहून पाहून दोन महिन्यांत शीर्षासन शिकला आणि ऐटीत पहिल्या रांगेत येऊन बसला. त्याला त्यांनी आठ दिवस फक्त उभं केलं. "अबे, डोक्यावर उभा राह्यला, आता पायावर कधी राहशीन?"

मी जया राठोड. बसस्टँडच्या मागे माझं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. आमचा बंजाऱ्यांचा तांडा इथून सहा किलोमीटरवर. माझे पणजोबा बैलांवर मीठ लादून मुलूख हिंडले, आणि मी मशीनवर बसून बसून एकतिसाव्या वर्षी पाठ धरून बसले. डॉक्टरनं व्यायाम सांगितला. माझी याडी, म्हणजे आई, मानीबाई, तिला मी सांगितलं की उद्यापासून योगाला जाते. ती म्हणाली, "उभं राहाले शिकाले जाते का कोणी, बाई?" तांड्यातल्या बायांनी आठवडाभर मला पाहून चिडवायला हात वर केले.

पहिल्या दिवशी मी ओट्याच्या कडेला चपला हातात घेऊन उभी होते. सगळे जाणकार वाटत होते. परत फिरावं असा विचार करत होते, तेवढ्यात मारोतरावांनी पाहिलं.

"मले काही येत नाही जी," मी आधीच सांगून टाकलं.

"काही येत नाही ना? मंग चांगलंच झालं. विसराचं काम वाचलं."

मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. शाळेत, सासरी, दुकानात, सगळीकडे काही येत नसलं की बोलणी खाल्ली होती. इथे पहिल्यांदा कोणी त्याला चांगलं म्हणालं. पंधरा वर्षं मी त्या एका वाक्यावर जात राहिले, असं म्हटलं तरी चालेल. पुढे कोणी नवीन आलं की ते वाक्य मीच म्हणायचे, मारोतरावांच्या आधी.

वर्गाचा एक रिवाज होता. दर महिन्याच्या एक तारखेला 'पहिला दिवस' पाळायचा. त्या दिवशी सगळ्यांनी नवीन व्हायचं. शेजारी सख्खा भाऊ बसला असला तरी त्याला नाव विचारायचं. आसन येत असलं तरी येतं असं दाखवायचं नाही, विचारायचं, हात कुठे ठेवू, श्वास कधी घेऊ. जुना माणूस ओझं घेऊन येतो, ते महिन्यातून एकदा तरी खाली ठेवावं, असं मारोतरावांचं म्हणणं. एकदा माझा नवरा सुनील हौसेनं आला. त्यानं मला नाव विचारलं, वर विचारलं, लग्न झालं का. सगळा ओटा हसला. घरी गेल्यावर मी त्याला चांगलं झापलं, पण खरं म्हणजे मलाही हसू येत होतं.

हा रिवाज नसता तर पुढचं झालं नसतं. किंवा झालं असतं, पण आम्हाला दिसलं असतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. महिन्याची सतरा-अठरा तारीख असेल. मारोतराव माझ्या चटईजवळ थांबले आणि म्हणाले, "तुमचं नाव काय जी?" मी हसत सांगितलं, "जया राठोड. ब्लाउज शिवते." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "आज पहिला दिवस समजा." आम्ही समजलो. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. मग सलग अकरा दिवस ताडासन. रुपीबाई, भाजी विकते ती, पाय चेपत म्हणाली, "महाराज आता लय वर गेले वं." आम्ही सगळे गंभीरपणे माना हलवल्या. बबलूनं त्यांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. प्रेरणा नावाची कॉलेजातली मॅडम आमच्या वर्गात येते, तिच्याकडे योगाचं प्रमाणपत्र आहे. ती म्हणाली, "यालाच नवशिक्याचं मन म्हणतात. पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यानं आत्ता पाहते आहे."

पुढच्या जून महिन्यात योग दिवसाला गावातल्या मंगल कार्यालयात कार्यक्रम झाला. तीनशे माणूस असेल. मंचावर मारोतराव, पांढरी बंडी, पांढरा पायजमा. सूर्यनमस्काराचे आकडे ते मोजत होते. एक म्हणाले, हात जोडले. दोन म्हणाले, हात वर नेले. आणि थांबले.

आम्ही तीनशे जण हात वर करून उभे. एक मिनिट झालं, दोन झाली. शाळेची पोरं हात खाली टाकायला लागली. मारोतरावांनी हळूहळू हात खाली घेतले, आमच्याकडे पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाले, "पुढं काय असते? तुम्हीच सांगा."

मी दुसऱ्या रांगेत होते. त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता. तो चेहरा आता डोळ्यासमोर आणला की त्यात नुसतं भेव दिसतं. त्या दिवशी मला तिथे मोठेपणा दिसला. प्रेरणानं डोळे पुसले. पहिली टाळी कोणाची ते मला माहीत आहे, कारण ती माझी होती. मग सगळं कार्यालय वाजवायला लागलं. त्या गोंधळात मारोतराव माइकपासून लांब होऊन काहीतरी बोलले. मी ओठ वाचले. "नाही जी, खरंच," असं म्हणत होते. मला तोही नम्रपणा वाटला. कोणीतरी त्यांना शाल पांघरली.

ऑगस्टमध्ये विमलकाकू माझ्या दुकानात आल्या. मारोतरावांची बायको. दोन ब्लाउजपीस घेऊन आल्या होत्या, पण ते मांडीवर उलटसुलट करत बसल्या.

"जया, वर्गात बरे असते का वं हे?"

"काहून काकू?"

"परवा एका सकाळी तीन डाव दाढी केली. करून आले, चहा पेला, पुन्हा आरशासमोर बसले. गाल सोलून निघाले. अन् वावरातून येताना गल्ली चुकले. मागच्या गल्लीतल्या शंकरसिंगच्या ओसरीवर जाऊन बसलते, म्हणे घर हेच."

मी कात्री खाली ठेवली आणि हसले. खरोखर हसले. "काकू, तुम्ही वर्गात येत नाही ना, म्हणून तुम्हाले समजत नाही. ते मुद्दाम करून राह्यले. रोज नवीन होऊन राह्यले. आम्हाले पंधरा वर्षांत जमलं नाही ते."

काकूंनी विचारलं, "दाढी बी मुद्दाम?"

"दाढी बी असन," मी म्हटलं.

त्यांनी ब्लाउजपीस पिशवीत घातले आणि माप न देताच उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तं असन." मला माझ्या उत्तराचं इतकं कौतुक वाटलं की संध्याकाळी मी ते सुनीलला सांगितलं. नवऱ्याबरोबर एक्केचाळीस वर्षं राहिलेली बाई, आणि मी तिला तिचा नवरा समजावून सांगत होते.

दिवाळी झाली. जिनिंगचा ओटा कापसानं भरला, आम्ही शाळेच्या व्हरांड्यात गेलो. डिसेंबरची थंडी. मारोतरावांनी पादहस्तासन घ्यायला लावलं, उभ्यानं वाकून पायाच्या बोटांना हात लावायचे. वर आलो. ते म्हणाले, "आता शेवटचं एकदा." वाकलो, वर आलो. "आता शेवटचं एकदा." पुन्हा वाकलो. आवाज तोच, ओठांवरचं हसू तेच. पाच झाले, आठ झाले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की हा धडा आहे आणि जो आधी थांबेल तो कच्चा. बबलू मोजत होता, त्यानं नंतर सांगितलं, एकोणीस वेळा. विसाव्या वेळी रुपीबाई वाकली ती वर आलीच नाही. तिला ब्लडप्रेशर. कपाळ व्हरांड्याच्या खांबावर आपटलं आणि रक्त आलं.

मारोतराव सगळ्यात आधी धावले. तिच्याजवळ बसले, आपल्या बंडीच्या टोकानं रक्त पुसलं. मग आमच्याकडे वळून चिडून म्हणाले, "या बाई नवीन आहे का? पहिल्याच दिवशी एवढं कायले करवलं यायले? कोण घेऊन राह्यलं वर्ग?"

 मागच्या रांगेत कोणीतरी सवयीनं हसलं आणि मध्येच थांबलं.  मला एकदम तीन वेळा केलेली दाढी आठवली.

दवाखान्यात रुपीबाईला पाच टाके पडले. ती म्हणाली, "मले वाटलं आज परीक्षा हाय, म्हणून थांबली नाही मी." एवढे वेडे आम्ही.

नागपूरहून मारोतरावांचा मुलगा ऋतिक आला. यवतमाळला मोठ्या डॉक्टरकडे नेलं, सोबत मीही गेले. तपासण्या झाल्या, मेंदूचे फोटो झाले. डॉक्टरनं कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मारोतरावांनी गोल काढला, फार सुंदर गोल, आणि आकडे एकाच बाजूला लिहिले. डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून आहे. विमलकाकू म्हणाल्या, वर्ष होऊन गेलं. मग इतक्या उशिरा का आणलं? हा विसरण्याचा आजार बरा होत नाही, पण आधी आणलं असतं तर काही चांगले दिवस हाती लागले असते, डॉक्टर म्हणाला. काकूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग फरशीकडे पाहत म्हणाल्या, "लक्षात नाही आलं जी."

त्यांनी ते आपल्यावर घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 

वर्ग मी घ्यायला लागले. सगळे म्हणाले, तुम्हीच घ्या. पहिल्या सोमवारी मी त्यांच्या जागेवर उभी राहिले आणि मला साधं उभं राहता येईना.  प्रेरणानं बाजूला येऊन श्वास मोजला, तेव्हा जमलं.

संक्रांत झाल्यावर तिळगूळ द्यायला त्यांच्या घरी गेले. मारोतराव अंगणात उन्हाला बाजेवर बसले होते. काकूंनी वाती वळायला म्हणून कापूस दिला होता, आणि ते वाती न वळता एकेक पुंजका ओढून पाहत होते. त्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. "बसा जयाताई. वर्ग कोण घेते?"

"मी घेते जी."

"बरं झालं." त्यांनी नवा पुंजका घेतला. मग म्हणाले, "एक विचारू का? तुम्हाले कोणालेच समजलं नव्हतं?"

 मी नाही म्हणून मान हलवली.

"मले समजलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी स्टेजवर सगळं कोरं झालं. लय भेव वाटलं. घरी सांगाची हिम्मत होये ना. ऋतिक येईन, उचलून नागपूरले नेईन, वर्ग सुटन. मी म्हणलं, वर्गातच कोणीतरी पकडन. कोणीतरी म्हणन की काका, हे काल झालं, तुम्ही भुलून राह्यले. मी रोज वाट पाहून राह्यलतो. तुम्ही टाळ्या वाजवल्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मंग मले बी वाटलं, असन बा. आपण शिकवूनच राह्यलो असन."

"चुकलं आमचं काका. माझं चुकलं."

त्यांनी हातातला पुंजका उजेडाकडे धरला. "धागा आखूड हाय याचा," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, पाहुण्याला विचारावं तसं, "तुम्ही कोणाच्या घरच्या जी?"

त्यानंतर त्यांनी मला पुन्हा ओळखलं नाही. निदान मला दिसेल असं तरी नाही.

पण पहाटे पाचची वेळ त्यांच्या अंगातून गेली नव्हती. रोज पाचला उठून, चटई काखेत मारून ते फाटकाशी जायचे. ते दोनदा हायवेपर्यंत पोचल्यापासून विमलकाकू फाटकाला कुलूप लावत होत्या. कुठे जायचं आहे ते त्यांना सांगता यायचं नाही. फक्त जायचं आहे एवढं माहीत. मार्चमध्ये मी काकूंना म्हटलं, मी नेते त्यांना वर्गात, शेवटच्या रांगेत बसवते, परत आणून सोडते.

"कायले?" काकू म्हणाल्या. "पुन्हा टाळ्या वाजवाले?"

मी ऐकून घेतलं. तो माझा हिशेबच होता. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या माणसाचं सगळं जात होतं, मुलाचं नाव, घराची गल्ली, जेवलो की नाही हे सुद्धा. एक पहाटेची जागा उरली होती, आणि तीही आमच्यामुळे कुलपाआड गेली होती. तेवढी त्यांना परत मिळाली नाही तर मला त्यांच्या जागेवर उभं राहायचा काही हक्क नव्हता.

दहा-बारा दिवसांनी काकूंचाच फोन आला. फाटक हलवून हलवून मारोतरावांच्या हाताची सालं निघाली होती. "ने वं बाई," काकू म्हणाल्या. "पण हात धरून ने, अन् हात धरून आण."

एप्रिल लागला होता. आम्ही जिनिंगच्या ओट्यावर परत आलो होतो. मी सगळ्यांना आदल्या दिवशीच बजावलं, कोणी हसायचं नाही, कोणी व्हिडिओ काढायचा नाही, टाळी वाजली तर मी चटईसकट हाकलून देईन. पहाटे त्यांचा हात धरून आणलं. ओट्याच्या कडेला ते थांबले, चपला काढल्या, हातात घेतल्या आणि संकोचून म्हणाले, "मी नवीन आहो जी. चालन का?"

मला त्यांना काय सांगायचं आहे ते संक्रांतीपासून पाठ होतं. जे ऐकायची त्यांनी वाट पाहिली होती आणि जे आम्ही कोणी बोललो नव्हतो, ते मी बोलणार होते. मी त्यांच्या समोर गेले. "नाही जी काका. तुम्ही नवीन नाही. हा वर्ग तुमचा हाय. बावीस वर्षं तुम्ही घेतला. आम्ही सगळे तुमच्याजवळच शिकलो."

त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला. बबलूचा, प्रेरणाचा, रुपीबाईच्या कपाळावरचा व्रण. मग आपल्या हातांकडे पाहिलं.

"मंग मले सगळं येत पायजे होतं," ते म्हणाले. "काहून नाही येत?"

 "माफ करा जी," ते म्हणाले, सगळ्यांना हात जोडले आणि चपला घालायला लागले. उलट्या घातल्या. घरापर्यंत मी त्यांचा हात धरून चालत होते आणि ते दर दहा पावलांनी विचारत होते, "काहून नाही येत?" काकूंनी फाटक उघडलं, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता त्यांना आत घेतलं. घरी येऊन मी दुकान न उघडता बसून राहिले. खरं बोलायचं होतं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि खरं बोलले ते फक्त त्यांना दुखवायला कामी आलं. याडी त्या दिवशी तांड्यावरून आली होती. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाठ दुखते.

दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं वाटत होतं. तरी गेले. फाटकाशी ते चटई घेऊन उभे होते, दाढी केलेली, चेहऱ्यावर कालचं काही नाही. हात पुढे केला, त्यांनी तो धरला. ओट्याच्या कडेला थांबले, चपला काढून हातात घेतल्या.

"मी नवीन आहो जी," ते म्हणाले. "मले काही येत नाही."

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"काही येत नाही ना?" मी म्हटलं. "मंग चांगलंच झालं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. पंधरा वर्षांपूर्वी ते माझ्या चेहऱ्यावर आलं होतं. ते शेवटच्या रांगेत रुपीबाईच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रुपीबाईनं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, गावंडे. मी ताडासन सांगितलं आणि ते उभे राहिले.

आता रोज असंच असतं. रोज कडेला थांबतात, रोज तेच सांगतात, रोज मी तेच म्हणते. त्यांनी मला सांगितलं होतं त्यात याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं, विसरण्याबद्दलचं. ते मी म्हणत नाही. नवीन आलेल्या कोणालाच आता म्हणत नाही.